डॉक्टर रामटेक्यांची गाडी उचलली

"नजर घारीची, नाक मुंगसाचं, कान सशाचे आणि संयम मगरीचा," रघुवीर टिपणीस म्हणाले. "विनय, निसर्गानं हे सगळं एकाच माणसात घातलं ते काही उगाच नाही. क्लच सोड हळूहळू."

एवढ्या छोट्या गाडीत इतके प्राणी कोंबलेत, ते प्राणिदयावाल्यांना कळवायला हवं, असं विनयच्या मनात आलं. पण तीनदा टेस्ट नापास झालेल्या माणसानं इन्स्ट्रक्टरशी विनोद करायचा नसतो.

रघुवीर टिपणीस पोटासाठी इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये लोकांना गाडी शिकवायचे, आणि आत्म्यासाठी गुप्तहेरगिरी करायचे. दोन्ही धंदे एकाच लाल मायक्रातून चालायचे. मायक्राच्या टपावर एक तिकोनी पाटी होती. तिच्यावर पुढून 'रघुवीर स्कूल ऑफ मोटरिंग', मागून फोन नंबर आणि दोन्हीकडून भलंमोठं लाल 'एल'. अशी गाडी घेऊन ते लोकांवर गुप्तपणे पाळत ठेवायचे. आजवर त्यांनी इथल्या मराठी मंडळाचा चोरीला गेलेला मायक्रोफोन शोधून काढला होता. तो त्यांच्याच गाडीच्या डिकीत सापडला, तेव्हा ते जराही न लाजता म्हणाले, "बघा, चोर किती पोचलेला होता."

विनय मूळचा नाशिकचा, इथे हॉस्पिटलच्या फार्मसीत कामाला. कॉलेजपासून गाडी चालवत आलेला. पण पहिल्या टेस्टला त्यानं रस्ता मोकळा असताना नुसत्या आनंदानं हॉर्न वाजवला. दुसऱ्या टेस्टला हॉर्नचा मोह आवरला, पण खिडकीतून हात काढून मागच्याला "जा बाबा जा" केलं. तिसऱ्या टेस्टला राउंडअबाउटवरून पाहिजे तो रस्ता पकडायला चार चकरा मारल्या. एक्झामिनर शेवटी डोळे मिटून बसला. तेव्हापासून विनय हा टिपणिसांचा शागीर्द होता, गाडीतही आणि गुप्तहेरगिरीतही. एकच त्रास होता. शिकवायच्या गाडीत इन्स्ट्रक्टरच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि टिपणिसांना कल्पना सुचली की त्यांचा पाय आपोआप त्याच्यावर पडायचा.

फोन वाजला. टिपणिसांनी तो स्पीकरवर टाकला.

"टिपणीस, ताबडतोब या," मधुमतीताई रामटेक्यांचा आवाज आला. "आमची गाडी उचललीय हो!"

खच्चकन ब्रेक लागला. विनयचं नाक स्टिअरिंगला टेकून परत आलं.

"केव्हा उचलली?"

"दोन आठवडे झाले."

"आणि आत्ता सांगताय? पोलिसांना कळवलंत?"

"पोलीस यात काय करणार, कपाळ?"

टिपणिसांनी फोन ठेवला आणि खिन्नपणे मान हलवली. "बघ विनय. जनतेचा पोलिसांवरचा विश्वास पार उडालाय. घे डावीकडे. मिरर बघ. मिरर! तो तुझा भांग बघायला नाही दिलेला."

रामटेक्यांच्या घरापुढे पोचल्या पोचल्या टिपणीस उडी मारून उतरले आणि गाडी लावायच्या जागेवर वाकून जमीन बघायला लागले. मधुमतीताई दारातच होत्या.

"गाडी इथेच उभी होती ना?" टिपणिसांनी विचारलं.

"इथेच उभी आहे," मधुमतीताई म्हणाल्या.

टिपणिसांनी मान वर केली. अजून वर केली. ज्या गोष्टीला टेकून ते उभे होते ते गाडीचं चाक होतं. त्याच्या वर, बऱ्याच वर, डॉक्टर शशिधर रामटेक्यांचा निळा पिकअप ट्रक उभा होता.

"चोरानं परत आणून ठेवली!" टिपणीस ओरडले. "गुन्हेगार घटनास्थळी परत येतो म्हणतात. हा तर गाडीसकट आला."

"उचललीय म्हणजे उंच केलीय हो!" मधुमतीताई म्हणाल्या. "हात-हातभर वर! ही अवाढव्य चाकं बघा. उचलली म्हणजे चोरली असं कसं धरलंत? वाक्यात कर्ता कोण आहे ते तरी विचारायचं."

मधुमतीताई मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गाच्या बाई होत्या. इथेच जन्मलेली, 'माझा आई' आणि 'माझी बाबा' म्हणणारी पोरं त्यांच्या हाताखालून सरळ होऊन बाहेर पडायची. उंची बेताची, अंगानं भरलेल्या, गुडघे कुरकुरे. पण आवाज असा की शेवटच्या बाकावरचं च्युइंगगम आपोआप गिळलं जायचं.

त्यांनी दोघांना किचनमध्ये नेलं. वरच्या कपाटातला बिस्किटांचा डबा काढायला त्या कोपऱ्यातल्या लाकडी पाटावर चढल्या, डबा काढला, उतरल्या. मागून विचारात गढलेले टिपणीस आले, पाटाला अडखळले आणि फ्रिजला मिठी मारून उभे राहिले.

"हे काय मध्येच ठेवलंय?" ते पायाचा अंगठा चोळत म्हणाले. "अशा फालतू वस्तूंमुळे तपासात व्यत्यय येतो."

"पाट आहे तो. माझा हात कुठे पोचतो वर?" मधुमतीताईंनी पाट पायानं बाजूला सारला, आणि मग एकदम बसल्याच. आवाज खाली आला.

"टिपणीस, दर चौदा एप्रिलला आम्ही दोघं लंडनला जातो. किंग हेन्रीज रोडवर. बाबासाहेब शिकत असताना ज्या घरात राहायचे, त्या घराला निळी पाटी आहे. ती पाटी लागली त्या वर्षापासून एकदाही चुकलं नाही. समोर उभं राहायचं, फुलं ठेवायची, मग परत येताना मी बांधून नेलेली भाकरी आणि चटणी गाडीत बसून खायची. हे चालवणार, मी शेजारी. आणि यंदा..." त्यांनी खिडकीतून गाडीकडे बघितलं. "आधीच मला त्या गाडीत चढताना कष्ट पडायचे. वरची दांडी धरून, एक पाय आत, मग देवाधर्माचं नाव न घेता दुसरा पाय. आता तर सीट माझ्या गळ्याशी आहे. मी चढूच शकत नाही. हे ट्रक घेऊन एकटे जातात, मी बसनं. याचा अर्थ काय होतो?"

"डॉक्टरांना विचारलंत?" विनयनं विचारलं.

"विचारलं. म्हणाले, 'आजकाल करतात असं.' कोण करतात? लेस्टरमध्ये काय डोंगर आहेत? नद्या पार करायच्यात? घर ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते घर, मध्ये कोथिंबिरीसाठी बेलग्रेव्ह रोड. त्याला हे असलं हत्तीसारखं जनावर कशाला? भुलीचे डॉक्टर आहेत ना. लोकांना ऑपरेशनच्या आधी भूल देतात, मला उत्तराच्या आधी." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मला शेजारी बसवायचंच नाही, एवढं तरी सरळ सांगावं. मग मी मंडळाच्या कोच-बसनं जाईन. पण चौदा तारखेच्या आत मला कळलं पाहिजे."

टिपणीस उठले. कोटाची बटणं लावली. "ताई, हे प्रकरण आता रघुवीर टिपणिसाच्या हातात आहे."

"म्हणून तर काळजी वाटतेय," मधुमतीताई म्हणाल्या. "पण दुसरा कोणी मराठी गुप्तहेर मिडलंड्समध्ये नाही."

तपासाची सुरुवात टिपणिसांनी खालून केली, म्हणजे अक्षरशः गाडीच्या खालून. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आंघोळीला गेल्यावर ते टॉर्च घेऊन ट्रकखाली सरपटत शिरले.

"विनय, गुन्हेगार असाच चुकतो!" खालून आवाज आला. "गाडी इतकी उंच केलीय की तपास करायला आरामात जागा आहे. माझा पहिला सिद्धांत ऐक. स्मगलिंग! गाडी उंच का करतात? खाली माल लटकवायला! एप्रिल महिना आहे. एप्रिलमध्ये कशाची टंचाई असते?"

"उन्हाची?"

"हापूसची, मूर्खा!"

तेवढ्यात शेजारचे इंग्रज आजोबा कुत्रा घेऊन आले. कुत्र्यानं ट्रकखालून बाहेर आलेले दोन पाय हुंगले आणि एक पाय पसंत केला. आजोबांनी फार आदबीनं विचारलं, "यू ऑल राइट डाउन देअर, मेट?"

"एमओटी!" टिपणिसांनी खालून गाडीच्या वार्षिक तपासणीचं नाव घेतलं.

"त्याच्या आधी पँट बदलावी लागेल," विनय मराठीत म्हणाला.

ट्रकखाली हापूस नव्हता. चिखल होता आणि एक वाळकी मेथीची काडी. ती टिपणिसांनी पिशवीत घालून ठेवली. डॉक्टरांच्या अलॉटमेंटमध्ये, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या भाजीच्या वाफ्यात, मेथी आहे हे अख्ख्या मंडळाला माहीत होतं, कारण अख्ख्या मंडळाला ती जबरदस्तीनं मिळायची.

मग पाठलाग सुरू झाला. पुढे डॉक्टरांचा उंच ट्रक, मागे टपावर 'एल' लावलेली लाल मायक्रा, आणि मायक्रा चालवणारा विनय. पाठलाग फार कठीण नव्हता, कारण ट्रक दोन रस्ते पलीकडूनही दिसायचा. हॉस्पिटलच्या बहुमजली कार पार्कच्या तोंडाशी डॉक्टर थांबले. तिथे उंचीची एक दांडी टांगलेली असते, तिच्यापेक्षा उंच गाडीनं आत जायचं नाही. डॉक्टरांनी दांडीकडे बघितलं, दांडीनं डॉक्टरांकडे. मग ते शांतपणे मागे फिरले, लांबच्या एका गल्लीत ट्रक लावला आणि रिमझिम पावसात, डोक्यावर पिशवी धरून, चालत हॉस्पिटलला निघाले.

"बघ!" टिपणिसांनी ब्रेक दाबला. गाडी उभीच होती, तरी दाबला. "आपल्याच कार पार्कमध्ये जात नाही अशी गाडी माणूस का करील? कारण त्याला कॅमेरे टाळायचेत!"

"सर, कॅमेरा या गल्लीतही आहे. तो बघा. आपल्याकडेच बघतोय."

"हात कर त्याला. संशय येणार नाही."

संध्याकाळी डॉक्टर ड्यूटी संपवून निघाले, पण घरी गेले नाहीत. रिंग रोडला लागले. एक पूर्ण चक्कर मारली. मग दुसरी. कुठे थांबले नाहीत, कुणाला भेटले नाहीत. एका सिग्नलला विनय त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये आला. वर बघितलं तर डॉक्टर ताठ बसलेले, एक हात खिडकीवर, आणि चेहऱ्यावर हसू. दाबून ठेवलेलं, पण मिशीच्या दोन्ही टोकांनी बाहेर आलेलं.

टिपणिसांनी ते हसू पाहिलं आणि खच्चकन ब्रेक दाबला. सिग्नल नेमका तेव्हाच हिरवा झाला होता. मागच्या व्हॅनवाल्यानं त्यांच्या घराण्याबद्दल काही चौकशी केली.

"बाई आहे," टिपणीस गंभीरपणे म्हणाले.

"कुठे? मला दिसली नाही. मी मिररमध्ये बघितलं होतं, खरंच!"

"अरे, डॉक्टरांच्या आयुष्यात! लग्नाला एवढी वर्षं झालेला माणूस ट्रॅफिकमध्ये एकटा हसतो, त्याला जगात एकच कारण असतं."

विनयला हा सिद्धांत पटला नाही. पण किचनमध्ये पदरानं नाक पुसणाऱ्या मधुमतीताई त्याला आठवल्या. हे असलं काही निघायला नको, असं त्याला मनापासून वाटलं.

आता राहिले बबनराव. लेस्टरच्या मराठी माणसांच्या गाड्या जन्मल्यापासून भंगारात जाईपर्यंत बबनरावांकडे असायच्या. आधी ते सोलापूरकडे एसटीच्या डेपोत होते. बायको चंदाबाई नर्स होऊन इकडे आली, तिच्यामागे हे पान्यांची पेटी घेऊन आले. रेल्वेच्या कमानीखाली त्यांचं गॅरेज होतं. टिपणिसांनी मायक्रात कसलातरी आवाज येतो असं सांगून गाडी आत घातली.

"कसला आवाज?" बबनरावांनी विचारलं.

"बोलण्याचा," विनय म्हणाला.

तेवढ्यात बबनरावांचा फोन वाजला. ते जरा लांब जाऊन बोलायला लागले. टिपणीस टायरांच्या ढिगामागे बसले आणि त्यांनी सशाचे कान लावले.

"जय भीम, डॉक्टरसाहेब! ...हां, मग? पाटे कसे बसलेत? ...मस्त ना? एकदम जाडजूड दिलेत तुम्हाला, जन्मभर चिंता नाही. ...नाही नाही, ताईंना नाही बोलत. माझ्या तोंडून एक शब्द जाणार नाही."

टायरांचा ढीग कोसळला. त्याच्या मधोमध टिपणीस होते, आणि त्यांचे डोळे चमकत होते.

गाडीत बसताच ते विनयकडे वळले. "ऐकलंस? पाटे! जाडजूड पाटे! पाट्याचं काय करतात विनय?"

"वाटण वाटतात. पाटा-वरवंटा."

"मधुमतीताईंच्या किचनमध्ये पाटा आहे?"

"मिक्सर आहे."

"मग डॉक्टरांनी पाटे कुणासाठी आणले? आणि एक नाही, अनेक! ताईंना न सांगता! विनय, डॉक्टरांनी दुसरं घर मांडलंय, आणि त्या घरातली बाई चटणी पाट्यावर वाटते. ट्रक का उचलला, ते आता उघड आहे. दगडी पाट्यांचं ओझं! वजनानं गाडी खाली बसू नये म्हणून!"

"पण सर, पाटे एकदा नेऊन ठेवले की झालं. त्यासाठी गाडी कायमची कशाला उचलायची?"

"कुणी म्हणालं एकच घर आहे म्हणून?"

यावर विनयनं गाडी बंद पाडली. मुद्दाम नाही, पण वेळेवर.

तेरा तारखेच्या दुपारी टिपणिसांनी सगळ्यांना रामटेक्यांच्या किचनमध्ये जमवलं. डॉक्टर हॉस्पिटलमधून आले होते, ओल्या बुटांनी. बबनरावांना 'वॉशिंग मशीन बघायचंय' असं सांगून आणलं होतं, आणि ते खरोखरच मशीन भिंतीपासून ओढायला लागले होते. मधुमतीताई ओट्याला टेकून, हाताची घडी घालून उभ्या होत्या. मंडळाच्या कोचच्या सीटसाठी त्यांनी सकाळीच फोन केला होता. शेवटची सीट होती. संध्याकाळपर्यंत कळवते म्हणाल्या होत्या.

"डॉक्टर," टिपणीस येरझारा घालत म्हणाले, "तुम्हाला चटणी आवडते?"

डॉक्टरांनी सगळ्यांकडे बघितलं. "आवडते."

"पाट्यावर वाटलेली?"

"हो. आई वाटायची. का?"

"आई!" टिपणीस गर्रकन वळले, पाटाला अडखळले आणि या वेळी वॉशिंग मशीनला मिठी मारली. तिथूनच त्यांनी बोट रोखलं. "आता कोण वाटतं? ती बाई कोण, डॉक्टर? जिच्यासाठी तुम्ही बबनरावांकडून जाडजूड पाटे घेतलेत, आणि ताईंना कळू देऊ नका म्हणालात!"

 मधुमतीताईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"पाटे," डॉक्टर हळूच म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले. ऐन ऑपरेशनमध्ये पेशंट उठून बसला की भुलीचा डॉक्टर जसा दिसत असेल, तसे ते दिसत होते.

"अहो टिपणीस," बबनराव मशीनमागून डोकं काढून म्हणाले, "तुम्ही गाडी शिकवता ना? पाटे म्हणजे वरवंट्याचे नाहीत काही. गाडीचे पाटे! मागच्या चाकावर लोखंडी पट्ट्या असतात एकीवर एक. स्प्रिंगा! आमच्या डेपोत त्याला पाटेच म्हणतात. जाड पाटे घातले की गाडी मागून वर येते. मागून आली तर पुढून नाक घासायला लागली, नवी सून पाया पडते तशी. म्हणून पुढूनपण उचलली. मग चाकं बारकी दिसायला लागली, पैलवानाच्या पायात लेकराच्या चपला. म्हणून चाकं बदलली. साहेबांनी सांगितलं तेच केलं, वर चाकं माझ्या हौसेची."

टिपणीस गाडी चालवायला शिकवायचे. पण पोहायला शिकवणारा कुठे विहिरीचा तळ बघतो? ते मशीनला धरूनच उभे राहिले.

"म्हणजे यांनी खरंच उंच करून मागितली," मधुमतीताई म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा होता. त्यांनी फोनकडे हात नेला. "मग माझं उत्तर मला मिळालं."

"त्यांनी कुठे उंच म्हटलं? आपणच समजून घ्यायचं असतं," बबनराव म्हणाले. "डॉक्टर लोकांचं मराठी इथे राहून बिघडतं. चालायचंच. मी सुधारून घेतलं."

मधुमतीताईंचा हात थांबला. कुणाचं तरी मराठी बिघडलंय आणि ते त्यांच्याशिवाय दुसऱ्यानंच सुधारलंय, हे त्यांना सहन होणारं नव्हतं.

"बबनराव, काय सुधारलंत? हे काय म्हणाले होते? शब्द न् शब्द सांगा."

बबनराव सरळ उभे राहिले, जसे त्यांच्या वर्गातली पोरं राहायची. "म्हणाले, 'बबनराव, गाडीला दोन पाट बसवा, दोन्ही बाजूंनी. जाड बसवा. वजन झेपलं पाहिजे. आणि हिला सांगू नका, चौदा तारखेची गंमत आहे.'"

"दोन पाट?"

"पाट. आता दोन म्हटलं की पाटे म्हणायला पाहिजे ना?"

"एक पाटा, दोन पाटे," मधुमतीताई म्हणाल्या. रविवारच्या वर्गातला आवाज हळूहळू परत येत होता. "एक पाटी, दोन पाट्या. आणि एक पाट?"

सगळ्यांच्या आधी विनयची नजर खाली गेली. टिपणिसांच्या पायाशी, जिथे ते दोनदा अडखळले होते, तिथे तो लाकडी पाट उलटा पडला होता.

"दोन पाट," विनय म्हणाला.

"शाब्बास." मधुमतीताईंनी नवऱ्याकडे बघितलं. "तुम्हाला पायरी हवी होती. दाराखाली. मला चढायला."

डॉक्टर ओशाळले. "इंग्रजीत त्याला काय म्हणतात ते आठवेना. तू या पाटावर चढतेस ते रोज बघतो, तोच शब्द तोंडात आला. म्हटलं, तसाच एक दाराखाली असला की तुला दांडीला लटकायला नको."

"आणि झालं ते उलटंच! मग दुसऱ्याच दिवशी सांगायचं नाही? दोन आठवडे मी काय काय समजून बसले!"

"कसं सांगणार? गाडी आणायला गेलो तर ओळखूच येईना. हे बबनराव दारात हात बांधून उभे, चेहरा असा की पोरगं बोर्डात आलंय. त्यांना काय सांगू, मी पाट म्हणालो होतो?"

बबनराव कपाळाला हात लावून मशीनवर बसले. "म्हणजे तुमचं मराठी बरोबर होतं, साहेब!"

"आणि बायकोला?" मधुमतीताई म्हणाल्या. "बायकोला सांगायला काय झालं होतं?"

डॉक्टरांनी ओले बूट पायातून काढले. मग म्हणाले, "खरं सांगू? खाली करायला न्यायचीच होती. पण सिग्नलला थांबलो, शेजारी आमच्या सर्जनची गाडी. तो माणूस रोज 'मॉर्निंग, शशी' म्हणतो, आणि आजवर कधी मान वर केलेली नाही. त्या दिवशी त्यानं हाक मारली, आणि मला बघायला त्याला मान वर करावी लागली. अशी." त्यांनी मान वर करून दाखवली. "या देशात आल्यापासून पहिल्यांदाच. म्हटलं, अजून एक दिवस ठेवू."

 बबनरावांनी उठून ठिबकणारा नळ घट्ट केला.

"म्हणून रिंग रोडवर चकरा?" विनयनं विचारलं.

"दोनच," डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, "रोज."

मधुमतीताईंच्या ओठाचं एक टोक हललं. त्यांनी फोन उचलला, कोचवाल्यांना सीट नको म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तो अर्धा बाहेर आला असेल नसेल, तोच त्या वळल्या.

"एक राहिलं. 'वजन झेपलं पाहिजे.' कुणाचं वजन?"

डॉक्टरांनी आजवर हजारो लोकांना भूल दिली असेल. या प्रश्नाला द्यायची भूल त्यांच्याकडे नव्हती.

"पिशव्यांचं," ते म्हणाले. "कोथिंबीर वगैरे."

"छे छे," बबनराव मदतीला धावले. "ताईंचंच म्हणाले होते. म्हणून तर मी एक पट्टी जास्तीची टाकली!"

चौदा तारखेची सकाळ छान उजाडली. टिपणीस 'अंतिम निष्कर्ष' सांगायला आले होते, म्हणजे विनयचा धडा रामटेक्यांच्या गल्लीतूनच जात होता. मधुमतीताई बाहेर आल्या. एका हातात फुलं आणि भाकरीचा डबा, दुसऱ्या हातात तो पाट. पाटाला त्यांनी सुतळी बांधली होती. पाट दाराखाली ठेवला, त्यावर चढल्या, एक पाय आत, मग दुसरा पाय, आणि बसल्या. मग विहिरीतून कळशी शेंदावी तसा त्यांनी सुतळीनं पाट वर ओढून घेतला आणि दार लावून टाकलं.

"पुढच्या आठवड्यात खाली करून आणतो," डॉक्टर म्हणाले.

 मधुमतीताई कुंपणाच्या झुडपांवरून पलीकडे बघत होत्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे शेजारचे म्हातारे ट्रॅम्पोलिनवर उड्या मारतायत. कुत्र्यासकट." मग जरा ताठ बसल्या. "खाली बिली काही करायची नाही. आणि बबनरावांशी यापुढे मी बोलेन. चला. आधी रिंग रोडवरून घ्या."

ट्रक वळला आणि दिसेनासा व्हायला बराच वेळ लागला.

"आणखी एक केस सुटली," टिपणीस सीटवर मागे रेलत म्हणाले. "मी दोनदा त्या पाटाला अडखळलो ते उगाच नाही विनय. पायाला आधी कळलं होतं. कार्डावर छापून घेऊ, 'उचललेल्या गाड्यांचे तज्ज्ञ'." त्यांनी फोन काढला. "आणि टपावरची आपली पाटी फार बारकी दिसते रे. लांबून दिसली पाहिजे. हॅलो, बबनराव? माझ्या गाडीला एक मोठी पाटी बसवायचीय. चांगली जाड..."

विनयनं आयुष्यात पहिल्यांदा अगदी वेळेवर ब्रेक दाबला.